नजरेचा मुक्काम : कोर्टनी बार्नेटच्या पहिल्या अल्बमविषयी

मिश्कील कलावंताकडून रसिक दोन गोष्टींची अपेक्षा ठेवतात. आधी त्याने हसवावं, आणि मग केव्हातरी हसवणं थांबवून ‘प्रगल्भ’ व्हावं. आपल्याकडे विनोदी लेखकाचा गौरव करताना ‘त्यांच्या विनोदाला कारुण्याची झालर आहे’ हे वाक्य आल्याशिवाय भाषण पुरं होत नाही. नुसताच विनोद असता तर हार घालायला कुणी आलं नसतं, असा त्याचा सूर असतो. गाणाऱ्यांचंही तसंच. गमतीदार गाणी करणारी एखादी मुलगी पहिला मोठा अल्बम घेऊन आली, की ‘आता ती मोठी झाली’ असं लिहायला सगळे टपलेले असतात. मोठं होणं म्हणजे गंमत सोडणं, हे त्यात न बोलता गृहीत धरलेलं असतं.

मेलबर्नच्या कोर्टनी बार्नेटचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम मार्च २०१५मध्ये आला, तेव्हा हे गृहीतक तपासून बघायची चांगली संधी मिळाली. अल्बमचं नाव ऐसपैस आहे : ‘समटाइम्स आय सिट अँड थिंक, अँड समटाइम्स आय जस्ट सिट’. म्हणजे कधी बसून विचार करते, कधी नुसतीच बसते. हे वाक्य तिला आजीच्या घरातल्या एका पोस्टरवर सापडलं होतं. अकरा गाणी, वेळ पाऊण तासाहून थोडा कमी. पुढच्या पानांत यातलं एकेक गाणं घेऊन सावकाश लिहिलेलं आहे. त्याआधी ही बाई कोण, ती या अल्बमपाशी कशी पोचली आणि तिच्यात नेमकं काय बदललं, एवढं सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बार्नेटने खट्याळपणा सोडला नाही. तो जिथे पूर्वी हशा घेऊन निघून जायचा, तिथे आता मुक्कामाला राहू लागला. आणि मुक्काम वाढला तशी तिच्या गाण्यांत तिच्याखेरीज दुसरी माणसं दिसू लागली.

बार्नेटचा जन्म ३ नोव्हेंबर १९८७चा, सिडनीचा. आई बॅले नर्तकी होती. मुलीचं मधलं नाव मेल्बा ठेवलं, ते ऑस्ट्रेलियाची जगप्रसिद्ध सोप्रानो गायिका नेली मेल्बा हिच्यावरून. या नेलीने स्वतःचं रंगमंचावरचं नाव मेलबर्न शहरावरून घेतलेलं होतं, त्यामुळे सिडनीच्या या मुलीच्या नावात मेलबर्न जन्मापासूनच येऊन बसलं. सोळाव्या वर्षी कुटुंबाबरोबर ती टास्मानियातल्या होबार्टला गेली, तिथे कलाशाळेत शिकली, शिक्षण अर्धवट टाकलं आणि २००८च्या सुमाराला मेलबर्न गाठलं. नॉर्थकोट सोशल क्लब नावाच्या पबमध्ये, जिथे संध्याकाळी बँड वाजतात, ती बारमागे उभी राहून काम करायची. रॅपिड ट्रान्झिट नावाच्या ग्रंज बँडमध्ये ती गिटार वाजवत होती, इमिग्रंट युनियन नावाच्या दुसऱ्या बँडमध्ये स्लाइड गिटार. पेले भरता भरता आणि दुसऱ्यांच्या गाण्यांत साथ करता करता कान तयार झाला.

२०१२मध्ये तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली : मिल्क रेकॉर्ड्स. ‘मिल्क’ या शब्दापुढे उद्गारचिन्हही होतं. पहिल्या रेकॉर्डसाठी पैसे आजीकडून उसने घेतले. ‘इंडी’ या शब्दाला आता फॅशनचा वास येतो, पण त्यामागे मुळात असा साधा हिशोब असतो. मोठ्या कंपनीने पैसे लावले, तर काय, कधी आणि कुठल्या मुखपृष्ठासकट बाजारात जाईल, हे ती ठरवणार. आजीने पैसे दिले, तर आपण ठरवणार, आणि आजीचे परत करायचे. मिल्क रेकॉर्ड्सवर पुढे इतर मित्रमंडळींच्याही रेकॉर्ड आल्या. बार्नेटची तेव्हाची जोडीदार, गायिका जेन क्लोअर, हिने बार्नेटबरोबर ही कंपनी चालवली.

पहिली ईपी २०१२मध्ये निघाली, दुसरी २०१३मध्ये. ईपी म्हणजे पाच-सहा गाण्यांचा छोटा संच. दुसरीचं नाव होतं ‘हाऊ टू कार्व्ह अ कॅरट इनटू अ रोज’. गाजराचं गुलाबाचं फूल कसं कोरावं, हे नाव वाचून लग्नातल्या जेवणाचं टेबल आठवेल, आणि तिच्या तेव्हाच्या गाण्यांची जातही तीच होती. रोजचीच भाजी, पण सुरीचं कसब असं, की बघणारा थबकतो. दोन्ही संच एकत्र करून ‘द डबल ईपी : अ सी ऑफ स्प्लिट पीज’ या नावाने १२ गाणी जगभर गेली.

त्यातलं ‘अवांट गार्डनर’ हे गाणं तिला सगळीकडे घेऊन गेलं. उकाड्याचा सोमवार आहे. अंगणातलं तण उपटावं, काहीतरी लावावं, म्हणून गाणारी मुलगी बाहेर पडते आणि तिला अचानक श्वास घेता येईनासा होतो. शेजारी, सायरन, ॲम्ब्युलन्स, श्वास अडकलेला. हे सगळं ती ज्या सुरात सांगते, त्या सुरात आपण वाण्याकडची यादी वाचतो. घाबरण्याच्या क्षणीसुद्धा तिच्या डोक्यात भलतेच विचार चालू असतात, आणि ते विचार इतके ओळखीचे असतात की हसू येतं. प्रसंग तिच्या स्वतःच्या आयुष्यातला होता. पण गाणं ऐकताना एक गोष्ट लक्षात येते : या अंगणात तिच्याशिवाय कुणी नाही. शेजारी, ॲम्ब्युलन्समधली बाई, हे नुसते तिच्या फजितीचे साक्षीदार आहेत. पहिल्या ईपीतल्या ‘आर यू लुकिंग आफ्टर युवरसेल्फ’मध्ये आईबाप फोनवर नोकरीपाण्याची चौकशी करतात. तेसुद्धा तिच्या टंगळमंगळीला पार्श्वभूमी म्हणून येतात. या काळातल्या गाण्यांचा नायक एकच, आणि तो म्हणजे गोंधळलेली, हुशार, आळशी ‘मी’.

पाच-सहा गाण्यांच्या संचाला ही ‘मी’ पुरते. पूर्ण अल्बमला पुरत नाही. इथेच पहिल्या मोठ्या अल्बमची खरी परीक्षा असते, आणि खट्याळ गायकांची ती जास्त कडक असते. विनोदाची एक युक्ती तिसऱ्या गाण्यापर्यंत ताजी वाटते. पाचव्यात ऐकणारा ती येण्याआधीच ओळखतो. आठव्यात त्याला ती खोड वाटू लागते. म्हणून अशा गायकाला दोनच वाटा सुचतात : युक्त्या वाढवणं, किंवा विनोद सोडून गळा काढणं. बार्नेटने तिसरी वाट धरली. तिने तेच डोळे, तीच रटाळ वाटणारी चाल आणि तीच शब्दांची उधळण ठेवून समोरचं दृश्य बदललं.

अल्बमचं पहिलंच गाणं घ्या. ‘एलिव्हेटर ऑपरेटर’मध्ये ‘मी’ नाहीच. ऑलिव्हर पॉल नावाचा वीस वर्षांचा मुलगा आहे. डोक्यावर दाट केस असूनही टक्कल पडेल म्हणून तो धास्तावलेला आहे. ९६ नंबरच्या ट्रामने विनातिकीट जातो, स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या नोकरदारांच्या लोंढ्यातून वाट काढतो आणि त्या दिवशी कामावर न जाता निकोलस बिल्डिंगमध्ये शिरतो. ही मेलबर्नच्या मध्यवस्तीतली १९२६ सालची दहा मजली इमारत आहे. आत चित्रकारांचे, शिंप्यांचे, कारागिरांचे गाळे आहेत, आणि शहरातल्या इतर इमारतींतले लिफ्टमन गेल्यानंतरही बरीच वर्षं इथल्या लिफ्ट चालवायला माणसं होती. लिफ्टमध्ये त्याला एक उंची कपड्यांतली बाई भेटते. दोघांनाही गच्चीवरच जायचं असतं. हा पोरगा उडी मारणार, अशी तिची समजूत होते, आणि ती त्याला आयुष्याचं मोल समजावू लागते. तो शांतपणे सांगतो की तो फक्त शहर बघायला येतो, वरून ते कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या शहरासारखं दिसतं. दुःखी कोण, हा प्रश्न तेवढ्यात जागा बदलतो. गाणं ऐकताना आपण हसत असतो, ठेका नाचरा आहे, आणि तरी त्या बाईचं काय झालं असेल, हा विचार गाणं संपल्यावर राहतो. ईपीतल्या बार्नेटने ही बाई टिंगलीसाठी वापरली असती. इथे टिंगलही आहे आणि बाईलाही जागा आहे.

‘डिप्रेस्टन’ हे या अल्बमचं काळीज. प्रेस्टन हे मेलबर्नच्या उत्तरेकडचं उपनगर. शहरातली भाडी परवडेनात, म्हणून एक जोडपं तिथे घर बघायला जातं. कॉफीचं यंत्र घरीच घेतल्यामुळे बाहेरच्या कॉफीचे पैसे वाचतात, असा त्यांचा हिशोब चालू असतो. या हिशोबाला हसताना हेही कळतं की असे पैसे वाचवून घर होत नसतं. दलाल घर दाखवतो. ते एका मेलेल्या माणसाचं घर आहे. न्हाणीघरात म्हाताऱ्यांना धरायला लावलेला दांडा आहे, स्वयंपाकघरात चहा-कॉफी-पिठाचे डबे आहेत, आणि व्हिएतनाममधल्या एका तरुणाचा फोटो. ऑस्ट्रेलियाने व्हिएतनामच्या युद्धात सक्तीची भरती करून मुलं पाठवली होती, हे ठाऊक असलं की त्या एका फोटोत एका पिढीचा इतिहास दिसतो. बार्नेट तो सांगत नाही. ती फक्त यादी करते. मग दलाल सुचवतो की पाच लाख डॉलर जास्तीचे असतील तर हे पाडून नवं बांधता येईल. गाणं शेवटी याच सूचनेपाशी अडकतं आणि ती पुनःपुन्हा म्हणत राहतं. पहिल्यांदा आपण हसतो. चौथ्यांदा हसू येत नाही. शब्द तेच, चाल तीच, आवाजही चढलेला नाही. मुक्काम म्हणतो तो हाच.

मेलबर्नमध्ये आज मोठ्या संख्येने मराठी कुटुंबं राहतात. शनिवारी घरं बघत हिंडणं, लिलावात बोली हाताबाहेर जाताना पाहणं, एकेक उपनगर मागे सरकत जाणं, हा त्यांच्यातल्या अनेकांचा अनुभव आहे. त्यांना हे गाणं ऐकवायला प्रस्तावनेची गरज नाही.

यापुढे अल्बमची नजर आणखी बाहेर जाते. ‘डेड फॉक्स’ची सुरुवात सेंद्रिय भाज्या महाग घ्याव्यात की स्वस्तातल्या, या घरगुती वादाने होते, आणि बघता बघता गाणं मेलबर्न-सिडनीला जोडणाऱ्या ह्यूम हायवेवर येतं : रस्त्यावर मेलेली जनावरं आणि त्यांच्यावरून जाणारे मालवाहू ट्रक. लिनफॉक्स या ऑस्ट्रेलियन वाहतूक कंपनीच्या ट्रकांच्या मागे ‘तुम्ही आणखी एका फॉक्सला मागे टाकताय’ अशा अर्थाची पाटी असते. गाण्याच्या नावातला कोल्हा या पाटीवरूनही धावतो आणि रस्त्याकडेलाही पडलेला असतो. अल्बमच्या शेवटाकडचं ‘किम्स कॅराव्हॅन’ जवळजवळ सात मिनिटांचं आहे. त्यात फिलिप आयलंडच्या किनाऱ्यावर एक मेलेला सील दिसतो. हे बेट लहान पेंग्विनच्या थव्यांसाठी पर्यटकांना माहीत आहे, आणि गाणं या नेहमीच्या चित्राच्या बरोबर उलट बाजूला उभं राहतं. तिथून विचार ग्रेट बॅरियर रीफपर्यंत जातो. बास गिटारचा एकच संथ ठोका सुरुवातीपासून धरलेला असतो, आणि त्यावर गिटारींचा गलका चढत चढत जातो. भाषण नाही, घोषणा नाही. आपण यात काय करू शकतो, या प्रश्नावर ती जितकी हतबल दिसते तितकीच प्रामाणिक वाटते.

मग ‘मी’ गेली कुठे? ती आहे, पण आता तिच्याकडे बघणारेही आले आहेत. ऑक्टोबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या सीएमजे संगीत महोत्सवात तिने गाणी वाजवली, अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी दखल घेतली, आणि पबमधली नोकरी करणारी मुलगी दौऱ्यांवर दौरे करू लागली. न्यूयॉर्कच्या एका रात्री भिंतीच्या भेगा मोजत जागी राहिलेली बाई अल्बममध्ये आहे. पार्टीला जावं की न जावं, यात संध्याकाळ घालवणारीही आहे. ‘स्मॉल पॉपीज’ या नावात, ऑस्ट्रेलियात डोकं वर काढणाऱ्याला खाली खेचायची जी रीत आहे, तिच्यावर टोला आहे. आणि ‘पेडेस्ट्रिअन ॲट बेस्ट’ आहे, अल्बममधलं सर्वांत आरडाओरड्याचं गाणं. त्यात ती चाहत्यांना, समीक्षकांना आणि स्वतःला एकाच दमात धारेवर धरते. माझ्यावर आशा ठेवाल तर निराश व्हाल, असा त्याचा सारांश. त्याच्या व्हिडिओत ती विदूषकाच्या रंगरंगोटीत जत्रेत फिरते. गेल्या वर्षीचा पहिला नंबर तिचा, यंदा तो दुसऱ्या विदूषकाने पटकावलेला. ‘गमतीदार मुलगी’ या शिक्क्याला तिने दिलेलं उत्तर हे असं, विदूषकाच्याच वेशात आहे.

वादनाबद्दल दोन शब्द. बार्नेट डावखुरी आहे आणि पिक न वापरता बोटांनी वाजवते, त्यामुळे तिच्या गिटारीचा आवाज एकाच वेळी मऊ आणि खरबरीत येतो. गाणं ती अर्धं बोलते, अर्धं गाते. ऑस्ट्रेलियन उच्चार लपवत नाही. गायक पॉल केली आणि गो-बिट्वीन्स हा बँड यांच्यापासून तिथे गावांची, रस्त्यांची नावं सरळ गाण्यात घालण्याची परंपरा आहे, ती पुढे नेते. तिच्यासोबत बासवर बोन्स स्लोन, ड्रम्सवर डेव्ह मडी आणि गिटारवर डॅन लस्कम. निर्मितीत बार्नेट आणि लस्कम यांच्याबरोबर बर्क रीड होता. मेलबर्नच्या हेड गॅप स्टुडिओत एप्रिल २०१४मध्ये सुमारे दहा दिवसांत रेकॉर्डिंग झालं. दौऱ्यांवर एकत्र वाजवलेला बँड असल्याशिवाय हा वेग शक्य नसतो. शब्द कितीही उड्या मारोत, खाली बास आणि ड्रम्स जागचे हलत नाहीत. विनोदाला एवढा वेळ थांबता येतं, ते या पायामुळे.

उणिवाही सांगायला हव्यात. ‘ॲक्वा प्रोफुंडा!’ हे मेलबर्नच्या फिट्झरॉय भागातल्या जलतरण तलावावरचं गाणं मजेदार आहे, पण ईपीच्या काळातलंच : पोहताना कुणावर छाप पाडायला जावं आणि बुडता बुडता वाचावं. त्या तलावाच्या खोल टोकाला खोल पाण्याचा इशारा देणारी इटालियन पाटी गेल्या शतकाच्या मध्यावर रंगवलेली आहे, स्थलांतरितांच्या मुलांसाठी. हेलन गार्नरच्या ‘मंकी ग्रिप’ या १९७७च्या कादंबरीतही ती येते. एवढा ऐवज हाताशी असताना गाणं वरच्यावर पोहून जातं. ‘डेबी डाउनर’ही लक्षात राहत नाही. ‘स्मॉल पॉपीज’ सात मिनिटांच्या आसपास जातं आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं बँडच्या हौसेची आहेत. अकरापैकी तीन गाणी थोडी कमी पडली, तरी पहिल्या अल्बमच्या मानाने हे प्रमाण फार चांगलं म्हणावं लागेल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑस्ट्रेलियन संगीतक्षेत्राच्या २०१५च्या एरिया पुरस्कारांत तिला चार पुरस्कार मिळाले. त्यातला एक मुखपृष्ठासाठी होता, कारण खुर्च्यांचं ते रेखाचित्र तिने स्वतः काढलं होतं. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिला जाणारा ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझही याच अल्बमला मिळाला. ग्रॅमीत सर्वोत्तम नवोदित कलाकारासाठी नामांकन झालं. तो पुरस्कार गायिका मेगन ट्रेनरला गेला. अमेरिकन गायक कर्ट व्हाइलबरोबर २०१७मध्ये एक जोडअल्बम झाला, मग २०१८ आणि २०२१मध्ये तिचे स्वतःचे अल्बम आले. ते अधिक उदास आणि अधिक नेटके आहेत, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा थोडे कमी धाडसी. मिल्क रेकॉर्ड्स २०२३च्या अखेरीस बंद झाली. आजीच्या उसन्या पैशांवर उभी राहिलेली कंपनी अकरा वर्षं चालली.

मराठी वाचकाने हा अल्बम का ऐकावा? आपल्या साहित्यात बारीकसारीक गोष्टींकडे टक लावून बघण्याची एक रीत आहे. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या काळा घोड्याच्या परिसरात बसून रस्त्यावरची माणसं, कुत्री, कचरा आणि इडल्या यांच्यावर कविता लिहिल्या. ज्यांना ते वाचून मजा आली आहे, त्यांना बार्नेट परकी वाटणार नाही. दोघांच्याही लेखनात विनोद हा बघण्याचाच भाग आहे, बघून झाल्यावर वर घातलेली कोथिंबीर नव्हे. आणि इंग्रजी गाण्यांतले शब्द भराभर निसटतात म्हणून जे त्यांच्या वाटेला जात नाहीत, त्यांना हे पुस्तक उपयोगी पडेल. इथे शब्द हेच निम्मं संगीत आहे.

वाचकाला एवढीच विनंती, की अल्बम पाठीमागे लावून काम करत बसू नका. आधी ‘डिप्रेस्टन’ एकटं ऐका, शब्द समोर घेऊन. मग ‘एलिव्हेटर ऑपरेटर’, मग ‘किम्स कॅराव्हॅन’. या तिन्हींनंतर जुनं ‘अवांट गार्डनर’ लावा आणि दोन वर्षांत काय बदललं ते स्वतः ठरवा. त्यानंतर पुढची पानं उघडा, आणि त्यातलं जे पटणार नाही त्याच्याशी खुशाल भांडा. मोठं होण्यासाठी गंमत सोडावी लागते, हा समज तेवढा या अल्बमने कायमचा खोटा ठरवला आहे.